निरोपाचे पदक आणि न ऐकलेला सल्ला

लष्करी अधिकारी निवृत्त होतो, निरोपाच्या समारंभात विविध यंत्रणांमध्ये त्याने साधलेल्या समन्वयाचा गौरव होतो, पदक मिळते आणि समन्वयाचा विषय पुढच्या संकटापर्यंत बाजूला पडतो. गुप्तचर व्यवस्थेच्या बाबतीत भारतातील राज्यकर्त्यांची ही सवय बरीच जुनी आहे. तिचा उगम शोधायचा तर दिल्ली सोडून जबलपूरकडे पाहावे लागते.

दीक्षितपुऱ्यासारख्या जुन्या वस्त्यांचे हे शहर मराठी इतिहासाला परके नाही. नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखालील हा मुलूख १८१७ च्या युद्धानंतर कंपनी सरकारच्या हाती गेला. सागर-नर्मदा प्रदेश म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या भागाच्या मुलकी कारभारात १८२० मध्ये बंगाल लष्करातील एक अधिकारी दाखल झाला. त्याचे नाव विल्यम हेन्री स्लीमन.

ठगांचा बंदोबस्त करणारा अधिकारी एवढीच त्याची ओळख सांगितली जाते. प्रत्यक्षात त्याच्यापुढचा प्रश्न आजच्या गुप्तचर यंत्रणांना पडतो तोच होता. ठग राहत एका संस्थानात, खून करीत दुसऱ्या हद्दीत आणि लूट विकली जाई तिसरीकडे. प्रत्येक दरबाराकडे व रेसिडेंटाकडे माहितीचा एकेक तुकडा होता. संपूर्ण चित्र कोणाकडेच नव्हते. स्लीमनने जबलपूर येथे हे तुकडे एकत्र केले. माफीच्या साक्षीदारांचे जबाब एकमेकांशी ताडून पाहिले, टोळ्यांच्या वंशावळी तयार केल्या, खुनांच्या जागा नकाशावर मांडल्या आणि ठगांच्या सांकेतिक बोलीचा कोश १८३६ मध्ये प्रसिद्ध केला. १८३५ मध्ये या मोहिमेची सर्वसाधारण सूत्रे त्याच्याकडे आली, तर १८३९ मध्ये दरोडेखोरीच्या बंदोबस्ताची जबाबदारीही सोपविण्यात आली.

या कामाची संस्थात्मक नोंद सरकारने घेतली, हे मान्य केले पाहिजे. ठगी व डकैती खाते स्लीमननंतरही टिकले. १९०४ मध्ये ते मोडून केंद्रीय गुन्हे अन्वेषण खाते स्थापन झाले आणि पुढे त्यातूनच इंटेलिजन्स ब्युरोची वाटचाल झाली. परंतु गौरवाची दुसरी बाजू अधिक बोलकी आहे.

ग्वाल्हेर आणि नंतर लखनौ येथे रेसिडेंट राहिलेला स्लीमन प्रकृती ढासळल्याने १८५६ च्या प्रारंभी मायदेशी निघाला. गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी याच्या शिफारशीवरून त्याला फेब्रुवारीत 'नाइट कमांडर ऑफ द बाथ' हा किताब जाहीर झाला. त्यानंतर काही दिवसांतच, १० फेब्रुवारीला, सिलोनजवळ समुद्रप्रवासात त्याचे निधन झाले. त्याच फेब्रुवारीत डलहौसीने अवध खालसा केले. अवधच्या नबाबाच्या कारभारावर कठोर टीका करणाऱ्या स्लीमननेच राज्य खालसा करण्यास मात्र स्पष्ट विरोध केला होता. कारभार हाती घ्यावा, महसूल गिळंकृत करू नये, अन्यथा देशी फौजेत असंतोष पेटेल, असा त्याचा इशारा होता. बंगाल लष्करातील शिपायांची मोठी भरती अवधमधूनच होत असे. सरकारने अधिकाऱ्याला किताब दिला आणि त्याचा सल्ला फेटाळला.

पुढच्याच वर्षी उठाव झाला. जबलपूरही त्यातून सुटले नाही. गोंड राजा शंकरशाह आणि त्यांचे पुत्र रघुनाथशाह यांना हेराच्या माहितीवरून पकडण्यात आले व १८ सप्टेंबर १८५७ रोजी तोफेच्या तोंडी देण्यात आले. त्याच रात्री तेथील ५२ वी देशी पलटण बंड करून उठली. सरकारचे हेर कामात चुकले नव्हते. त्या माहितीचा अर्थ लावणारे राजकीय शहाणपण हरवले होते.

स्वतंत्र भारतात चित्र किती बदलले? कारगिल आढावा समितीने नोंदविलेला प्रसंग पुरेसा बोलका आहे. जून १९९८ मध्ये इंटेलिजन्स ब्युरोने सीमेपलीकडील हालचालींविषयी टिपण पाठविले. ते पंतप्रधान, गृहमंत्री आणि लष्करी कारवाया महासंचालकांपर्यंत गेले. पण 'रॉ'चे सचिव, संयुक्त गुप्तचर समितीचे अध्यक्ष आणि लष्करी गुप्तवार्ता महासंचालक या ज्यांचा तिच्याशी सर्वाधिक संबंध होता, त्या तिघांना ते पाठविलेच गेले नव्हते. या धड्यातून २००१ मध्ये बहुयंत्रणा केंद्र आणि २००२ मध्ये लेफ्टनंट जनरल कमल डावर यांच्या नेतृत्वाखाली संरक्षण गुप्तवार्ता संस्था उभी राहिली. तरीही मुंबईवरील हल्ल्यानंतर, २००८ च्या अखेरीस, हे केंद्र नव्या आदेशाने पुन्हा कार्यान्वित करावे लागले. कागदावर केंद्र स्थापन झाले म्हणून माहिती आपोआप वाहू लागत नाही, हाच त्याचा अर्थ.

स्लीमनच्या वारशात आणखी एक इशारा आहे. १८३६ च्या कायद्याने केवळ ठगांच्या टोळीशी संबंध सिद्ध झाला तरी जन्मठेप देता येई; विशिष्ट गुन्हा सिद्ध करण्याची गरज नव्हती. त्या साक्षींच्या विश्वासार्हतेवर इतिहासकारांनी पुढे गंभीर प्रश्न उपस्थित केले. यंत्रणा एकत्र आल्या की त्यांचे सामर्थ्य वाढते; उत्तरदायित्व त्या प्रमाणात वाढतेच असे नाही. भारतीय गुप्तचर संस्थांवर संसदेची वैधानिक देखरेख आजही नाही. २०११ मध्ये त्यासाठी लोकसभेत मांडलेले खासगी विधेयक कायद्यात उतरले नाही.

निरोप घेणाऱ्या अधिकाऱ्याचा सत्कार अवश्य व्हावा. मात्र त्याने जोडलेले दुवे त्याच्यामागे टिकले काय आणि त्याचा अप्रिय सल्ला सत्तेने ऐकला काय, या दोन कसोट्यांवर त्या सत्काराचे मोल ठरते. स्लीमनच्या बाबतीत कंपनी सरकार पहिल्या कसोटीत उत्तीर्ण झाले. दुसरीत नापास झाल्याची किंमत त्याला १८५७ मध्ये चुकवावी लागली.