कर्णधार डॉक्टर आओ

आसामच्या सपाट मुलखातून आग्नेय दिशेस निघाले म्हणजे जमीन हळूहळू चढू लागते. भातखाचरे मागे पडतात, बांबूची बने दाट होतात आणि डोंगरांच्या माथ्यांवर वसलेली गावे दिसू लागतात. हा नागा लोकांचा प्रदेश होय. आज तो नागालँड या नावाने ओळखला जातो. परंतु पूर्वी तो आसाम प्रांताचाच एक जिल्हा होता. या डोंगरातील चांगकी नावाच्या गावी २८ जानेवारी १९१८ रोजी एक मुलगा जन्मास आला. त्याचे नाव तालिमेरेन. हाच मुलगा पुढे स्वतंत्र भारताच्या फुटबॉल संघाचा ऑलिंपिकमधील पहिला कर्णधार झाला. सारा देश त्याला टी. आओ या नावाने ओळखू लागला.

तालिमेरेनचे वडील सुबोंगवाती हे आओ नागा जमातीतील धर्मोपदेशक होते. घरात एकंदर बारा भावंडे. तालिमेरेन त्यांतील चौथा. पुढे हे कुटुंब जवळच्याच इम्पूर या गावी राहावयास गेले. तेथील मिशनच्या आवारात एक मोकळे मैदान होते. तेच या मुलाचे खरे शिक्षणमंदिर ठरले. कातडी चेंडू कोठून मिळणार? मुले फाटक्या कापडाच्या चिंध्या घट्ट गुंडाळून चेंडू तयार करीत आणि दिवेलागणीपर्यंत त्यास लाथाडीत. चिंध्यांचा चेंडू फारसा उसळत नाही, सरळही जात नाही. त्यास ताब्यात ठेवावयाचे तर पाय जपून आणि नजर रोखून खेळावे लागते. पुढे मोठमोठ्या मैदानांवर ज्या कौशल्याचे कौतुक झाले, त्याचा पाया या चिंध्यांच्या चेंडूने घातला.

मुलगा असा खेळण्याबागडण्यात वाढत असतानाच घरावर आपत्ती कोसळली. १९३५ साली विषमज्वराच्या साथीत सुबोंगवाती मरण पावले. त्या काळी त्या डोंगरात दवाखाने अगदी थोडे आणि डॉक्टर त्याहूनही थोडे. विषमज्वरावर आज जी गुणकारी औषधे सहज मिळतात, त्यांचा तेव्हा शोधही लागला नव्हता. आपल्या या मुलाने डॉक्टर व्हावे आणि आपल्या लोकांची सेवा करावी, ही वडिलांची अखेरची इच्छा होती. तालिमेरेनचे वय तेव्हा अवघे सतरा वर्षांचे. वडिलांच्या इच्छेस त्याने आपला शब्द मानले. हा शब्द पाळावयास त्याला किती वर्षे लागणार होती आणि त्यासाठी काय काय सोडावे लागणार होते, याची कल्पना त्या दिवशी कोणासही नव्हती.

शिक्षणासाठी तालिमेरेन डोंगर उतरून जोरहाटच्या मिशन शाळेत गेला. तेथून तो गुवाहाटीच्या कॉटन कॉलेजात दाखल झाला. उंच, काटक आणि चपळ असा हा विद्यार्थी कॉलेजच्या क्रीडास्पर्धांत सर्वांच्या पुढे असे. गुवाहाटीच्या महाराणा क्लबकडून तो फुटबॉल खेळू लागला आणि त्याचे नाव आसामभर झाले. परंतु खेळाच्या नादात विज्ञानाची पुस्तके त्याने दूर सारली नाहीत. १९४२ साली त्यास कलकत्त्याच्या कारमायकेल वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळाला. याच महाविद्यालयास पुढे आर. जी. कर यांचे नाव देण्यात आले.

कलकत्ता हे त्या काळी भारतीय फुटबॉलचे माहेरघर होते. तेथील मोहन बागान या संघाची थोरवी सर्वत्र गाजत होती. २९ जुलै १९११ रोजी या संघाने इंग्रज सैनिकांच्या ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटच्या संघास २-१ असे हरवून आय. एफ. ए. शील्ड जिंकली होती. मोहन बागानच्या अकरा खेळाडूंपैकी दहा अनवाणी होते! पारतंत्र्याच्या काळात अनवाणी पायांनी बुटांवर मिळविलेला हा विजय लोक कधीच विसरले नाहीत. अशा नामांकित संघाने १९४३ साली या नागा तरुणास आपल्यात घेतले आणि लवकरच त्याच्याकडे नेतृत्वही सोपविले.

आओ हे मैदानाच्या मध्यभागी, बचावाच्या बाजूस खेळत. या जागेवरील खेळाडूचे काम मोठे कष्टाचे असते. प्रतिपक्षाचा हल्ला त्याने अडवावयाचा, चेंडू हिसकावून घ्यावयाचा आणि तो आपल्या पुढच्या गड्यांकडे नेमका पोहोचवावयाचा. गोल मारणाऱ्याचे नाव दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छापून येते. चेंडू पुरविणाऱ्याची आठवण थोड्यांनाच राहते. घराचा पाया जमिनीखाली असतो, म्हणून काही तो कमी महत्त्वाचा नसतो. आओ संघात असतानाच, १९४७ साली मोहन बागानने छत्तीस वर्षांनंतर पुन्हा एकदा आय. एफ. ए. शील्ड जिंकली.

मैदान आणि रुग्णालय अशा दोन्ही ठिकाणी आओ यांचे पाय सारखेच रुळले होते. ते दिवसही मोठे धामधुमीचे होते. दुसरे महायुद्ध चालू होते. १९४४ साली जपानी सैन्य नागा डोंगरात शिरले आणि कोहिमा येथे घनघोर लढाई झाली. बंगालमध्ये तर १९४३ साली भयंकर दुष्काळ पडला होता. अशा काळात शरीरशास्त्राचे जाडजूड ग्रंथ वाचावयाचे आणि सामन्याच्या दिवशी हजारो प्रेक्षकांसमोर उभे राहावयाचे, हे सोपे काम नव्हते. परंतु आओ यांनी दोहोंपैकी एकही सोडले नाही.

१९४७ साली देश स्वतंत्र झाला आणि पुढल्याच वर्षी लंडन येथे ऑलिंपिक सामने भरले. भारतीय फुटबॉल संघाचे कर्णधारपद आओ यांच्याकडे आले. इतकेच नव्हे, तर उद्घाटनाच्या संचलनात भारताचा ध्वज धरण्याचा मानही त्यांनाच मिळाला. तो दिवस होता २९ जुलै १९४८. मोहन बागानच्या त्या अनवाणी विजयास त्याच दिवशी बरोबर सदतीस वर्षे पुरी होत होती! वेम्बलीच्या विशाल क्रीडांगणात, ज्या इंग्रजांनी आपल्यावर राज्य केले त्यांच्याच राजधानीत, स्वतंत्र भारताचा तिरंगा उंच धरून एक नागा तरुण चालला होता. या ऑलिंपिकसाठी गेलेल्या भारतीय खेळाडूंत सातारा जिल्ह्यातील गोळेश्वर गावचे मल्ल खाशाबा जाधव हेही होते. चांगकी कोठे आणि गोळेश्वर कोठे! परंतु त्या दिवशी दोन्ही गावांचा ध्वज एकच होता.

लंडनमध्ये भारतीय फुटबॉल संघाकडे सर्वांचे लक्ष वेधले ते एका निराळ्याच कारणाने. या संघातील बहुतेक खेळाडू अनवाणी खेळत होते. इंग्रज प्रेक्षकांस याचा मोठा अचंबा वाटे. खरे पाहता यात नवल करण्याजोगे काही नव्हते. हे सर्व खेळाडू लहानपणापासून उघड्या पायांनी खेळत आले होते. उघड्या पायास चेंडूचा स्पर्श नेमका कळतो, बोटांनी त्यास हवा तसा वळविता येतो आणि कोरड्या, कठीण जमिनीवर वेगाने धावता येते. त्या काळचे बूट जड आणि ताठर असत. त्यांची सवय नसलेल्या खेळाडूस ते पायातील बेडीप्रमाणे वाटत. मात्र जमीन चिखलाने निसरडी झाली की, अनवाणी खेळाडूची फजिती होई.

याविषयी एक गोष्ट मोठ्या आवडीने सांगितली जाते. तुमचे खेळाडू बूट का घालीत नाहीत, असे तेथील वार्ताहरांनी आओ यांना विचारले. प्रश्नात थोडा खोचकपणा होता. पण आओ रागावले नाहीत. ते हसून म्हणाले की, आम्ही भारतीय लोक फुटबॉल खेळतो; तुम्ही खेळता तो बूटबॉल! या हजरजबाबी उत्तराने वार्ताहरांनाही हसू आवरले नाही आणि दुसऱ्याच्या मनास न लागता स्वदेशाची बाजू राखली गेली.

३१ जुलै रोजी लंडनजवळ इलफर्ड येथे भारताची गाठ फ्रान्सशी पडली. तिसाव्या मिनिटास फ्रान्सने पहिला गोल केला. भारतीय खेळाडू डगमगले नाहीत. सत्तराव्या मिनिटास सारंगपाणी रामन यांनी गोल करून बरोबरी साधली. स्वतंत्र भारताचा ऑलिंपिक फुटबॉलमधील हा पहिला गोल. या सामन्यात भारतास दोन पेनल्टी मिळाल्या होत्या. परंतु दुर्दैवाने दोन्ही वाया गेल्या. सामना संपण्यास एखादे मिनिट उरले असता फ्रान्सने दुसरा गोल केला आणि भारत २-१ असा पराभूत झाला. पराभव झाला खरा. पण प्रेक्षकांनी या अनवाणी संघाचे टाळ्यांच्या कडकडाटात कौतुक केले. त्यानंतर भारतीय संघ हॉलंडमध्ये गेला आणि ॲम्स्टरडॅमच्या आयाक्स या प्रसिद्ध संघास त्याने ५-१ असे हरविले.

आओ यांचा खेळ इंग्लंडमधील जाणकारांच्या नजरेत भरला. लंडनच्या आर्सेनल या बलाढ्य संघाने त्यांना एका वर्षाच्या कराराचे बोलावणे केले. आज कोणा तरुण खेळाडूस असे बोलावणे आले, तर त्याला आकाश ठेंगणे वाटेल! त्या काळी भारतात फुटबॉल खेळून पोट भरत नसे. खेळाडू नोकरी करून खेळत. विलायतेत मात्र खेळासाठी वेतन मिळे. मान, धन आणि नाव, तिन्ही हात जोडून दाराशी उभी होती. आओ यांचे वय तीस वर्षांचे होते. खेळाडूच्या आयुष्यात अशी संधी पुन्हा येत नाही, हे त्यांना ठाऊक नव्हते असे नाही.

परंतु कलकत्त्यास वैद्यकाचा अभ्यासक्रम अपुरा राहिला होता आणि नागा डोंगरात एक शब्द तेरा वर्षे वाट पाहत होता. आओ यांनी आर्सेनलचे बोलावणे नाकारले आणि ते मायदेशी परतले. १९५० साली ते एम. बी. बी. एस. झाले. १९४२ साली हाती घेतलेले काम आठ वर्षांनी तडीस गेले.

१९५२ सालापर्यंत ते मोहन बागानकडून खेळले. त्या वर्षी हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये भारतीय संघ युगोस्लाव्हियाकडून १०-१ असा हरला. उत्तरेकडील थंड हवेत उघड्या पायांनी खेळणे अवघड गेले होते. त्या पराभवानंतर भारतीय खेळाडूंनी बूट घालण्याचा नियम झाला. चार वर्षांनी मेलबर्न येथे बूट घातलेल्या भारतीय संघाने चौथा क्रमांक पटकाविला आणि मूळच्या गोव्याच्या नेव्हिल डिसोझा यांनी ऑस्ट्रेलियाविरुद्ध एकाच सामन्यात तीन गोल केले. आओ यांचा विनोद मोठा मार्मिक होता. परंतु काळाबरोबर चालावयाचे तर चांगल्या गोष्टी शिकाव्याच लागतात, हेही भारतीय फुटबॉलने ओळखले.

आओ स्वतः मात्र तोवर दुसऱ्या मैदानात उतरले होते. १९५३ साली कोहिमाच्या सरकारी रुग्णालयात ते रुजू झाले. मनात आणते, तर कलकत्त्यासारख्या शहरात कर्णधार डॉक्टर म्हणून त्यांचा दवाखाना जोरात चालला असता. पण ते ज्या डोंगरातून आले होते, त्याच डोंगरात परत गेले. १९६३ साली नागालँड हे राज्य झाले. त्याच वर्षी आओ तेथील आरोग्यखात्याचे संचालक झाले. ज्या भूमीत औषधावाचून वडील गेले, तेथील आरोग्याचा भार आता मुलाच्या खांद्यावर आला. १९७८ साली ते सेवानिवृत्त झाले आणि १३ सप्टेंबर १९९८ रोजी त्यांनी जगाचा निरोप घेतला.

त्यांच्या जन्मशताब्दीस, २०१८ साली, भारतीय टपालखात्याने त्यांचे चित्र असलेले तिकीट काढले. आसामात त्यांच्या नावाची क्रीडागृहेही उभी राहिली आहेत. आर्सेनलच्या मैदानावर मात्र त्यांचे पाऊल खेळाडू म्हणून कधीच पडले नाही. ते पडले असते, तर कदाचित त्यांचे नाव जगभर अधिक गाजले असते. पण मग कोहिमाच्या रुग्णालयात, दूरच्या गावाहून आजारी मुलास पाठीवर बांधून आणणाऱ्या आईस तिच्याच डोंगरातला, तिच्याच लोकांतला हा डॉक्टर भेटला नसता.

चेंडू हिसकावून घ्यावा आणि ज्याला त्याची गरज आहे त्याच्याकडे तो पोहोचवावा, हे मैदानावरील त्यांचे काम होते. मैदान सोडल्यावरही त्यांनी तेच केले. जगाकडून त्यांनी विद्या मिळविली आणि ती आपल्या माणसांपर्यंत नेऊन पोहोचविली.