टॉमी खचत नव्हता?

पहिल्या महायुद्धातला साधा ब्रिटिश शिपाई, म्हणजे ‘टॉमी’, चित्रांत दिसतो तो चिखलात उभा, तोंडात सिगारेट आणि चेहऱ्यावर हसू. त्याचा चिवटपणा जणू जन्मजातच! या कौतुकात त्याच्यावर मोठा अन्याय होतो.

गैरसमज: सगळे आपखुशीने गेले.

वस्तुस्थिती: १९१४ मध्ये भरतीसाठी रांगा लागल्या, हे खरं. पण जानेवारी १९१६ मध्ये सक्तीच्या भरतीचा कायदा झाला. लढलेल्यांपैकी निम्म्याच्या आसपास शिपाई त्या कायद्याने ओढून आणलेले होते, आणि तेही टिकले.

गैरसमज: टॉमी महिनोन्‌महिने आघाडीच्या खंदकातच असे.

वस्तुस्थिती: तसं असतं, तर कोणीच टिकलं नसतं. तुकड्यांची पाळी असे. काही दिवस पुढच्या खंदकात, मग मागच्या, मग त्याहून मागे गावात. तिथेही खोदकाम आणि ओझी वाहणं सुटत नसे. पण अंघोळ, धुतलेले कपडे, गरम जेवण आणि फुटबॉल मिळे. घरची पत्रं तर खंदकातही पोचत. लंडनच्या लष्करी टपाल केंद्रातून ऐन युद्धात आठवड्याला एक कोटीहून जास्त पत्रं जात. चिवटपणा टिकला तो या व्यवस्थेवर आणि शेजारच्या सोबत्यावर.

गैरसमज: ‘मी मजेत आहे’ असं तो स्वतःच घरी कळवत होता.

वस्तुस्थिती: पत्रं अधिकारी तपासत. शिवाय सैन्याचं एक छापील कार्ड होतं. त्यावरची नको ती वाक्यं खोडायची, खाली सही आणि तारीख घालायची. जास्तीचं काही लिहिलं, तर कार्ड नष्ट होई. जखमी झालो, आजारी आहे, हे कळवायला त्यावर ओळ होती. भीती वाटते, हे कळवायला नव्हती.

गैरसमज: खचले ते भ्याड होते.

वस्तुस्थिती: शिपाई हॅरी फार १९१४ पासून लढत होता. तोफांच्या माऱ्याने मन कोलमडल्यामुळे त्याच्यावर रुग्णालयात कित्येक महिने उपचार झाले होते. पुन्हा आघाडीवर जायला त्याने नकार दिला आणि ऑक्टोबर १९१६ मध्ये भ्याडपणाच्या आरोपाखाली त्याला गोळ्या घातल्या गेल्या. त्याच्या माफीसाठी घरच्यांनी अनेक वर्षं लढा दिला. २००६ मध्ये कायदा करून त्याच्यासह अशा ३०६ सैनिकांना माफी देण्यात आली. मात्र त्याच कायद्यात लिहून ठेवलं आहे, की या माफीने मूळ दोषसिद्धी आणि शिक्षा बदलत नाही.