दोन मोटारी, दोन हिशेब

मोटार ही आता केवळ धनिकांच्या अंगणातील वस्तू राहिलेली नाही. शेतकऱ्याच्या आणि नोकरदाराच्या दारातही ती उभी असलेली दिसते. परंतु ती घेताना आपण बहुधा एकच प्रश्न विचारतो : ‘कितीला मिळते?’ ‘चालवायला किती पडेल?’ हा दुसरा प्रश्न मागाहून, पेट्रोल पंपावर सुचतो. एकीकडे जुनी, वापरलेली, पण आलिशान सेडान नव्या लहान गाडीच्या किमतीत मिळून जाते. दुसरीकडे थोड्या पेट्रोलवर दूर जाणारी हायब्रिड मोटार खरेदीच्या वेळीच अधिक पैसे मागते. या दोहोंत शहाणपणाचा सौदा कोणता? उत्तर शोधण्यास एक उत्तम उदाहरण हाताशी आहे. या दोन्ही तऱ्हांच्या मोटारी जपानच्या एकाच टोयोटा कंपनीने नऊ वर्षांच्या आत जगापुढे ठेवल्या.

१९८३ साली कंपनीचे प्रमुख एइजी टोयोडा यांनी आपल्या अभियंत्यांपुढे एक आव्हान ठेवले : जगातील सर्वोत्तम मोटारींच्या तोडीची मोटार बनवावयाची. इचिरो सुझुकी यांच्या नेतृत्वाखाली ती सिद्ध झाली आणि जानेवारी १९८९ मध्ये अमेरिकेतील डेट्रॉइट येथील प्रदर्शनात ‘लेक्सस एलएस ४००’ या नावाने लोकांपुढे आली. चार लिटरचे, आठ सिलिंडरांचे, २५० अश्वशक्तीचे तिचे इंजिन इतके शांत होते की, जाहिरातीत बॉनेटवर पेल्यांचा मनोरा रचून मोटारीची चाके रोलरवर भरधाव फिरविली, तरी पेल्यांतील थेंबही सांडला नाही. तिचा टिकाऊपणाही तसाच. १९९६ सालच्या अशाच एका मोटारीने २०१७ साली दहा लक्ष मैलांचा पल्ला पूर्ण केला. मात्र ही मोटार एका लिटर पेट्रोलात सरासरी साडेआठ किलोमीटरच्या आसपासच जाते.

त्याच कंपनीने १९९३ साली दुसरे आव्हान हाती घेतले : एकविसाव्या शतकाला शोभेल अशी, कमी इंधन खाणारी मोटार. ताकेशी उचियामादा यांच्या देखरेखीखाली घडलेली ही ‘प्रियस’ डिसेंबर १९९७ मध्ये जपानमध्ये विक्रीस आली. पेट्रोलचे इंजिन आणि विजेची मोटर असे दोन्ही असणारी, मोठ्या प्रमाणावर तयार झालेली जगातील ही पहिली मोटार. २००३ साली आलेल्या तिच्या दुसऱ्या पिढीला अमेरिकी सरकारच्या सुधारित मोजणीनुसार लिटरला सरासरी साडेएकोणीस किलोमीटर मिळतात.

ही बचत होते कशी, हे समजून घेणे अगत्याचे आहे. साध्या मोटारीत ब्रेक दाबला की, पेट्रोल जाळून मिळविलेला वेग उष्णतेच्या रूपाने वाया जातो. हायब्रिडमध्ये वेग कमी करताना विजेची मोटर जनित्रासारखी फिरते, त्या वेगाची वीज बनविते आणि ती बॅटरीत साठविते. पुन्हा निघताना तीच वीज उपयोगी पडते. सिग्नलपाशी थांबले असता इंजिन बहुधा बंदच असते. म्हणूनच इतर मोटारींना गर्दीच्या शहरात अधिक पेट्रोल लागते, तर प्रियसला शहरात मोकळ्या हमरस्त्यापेक्षाही किंचित कमी लागते. उलट, ब्रेक क्वचितच लागणाऱ्या लांबच्या सरळ रस्त्यावर तिची ही खास कमाई आटते.

आता हिशेब मांडून पाहू. एखादे कुटुंब वर्षाकाठी १२,००० किलोमीटर प्रवास करते असे धरा. जुन्या आलिशान सेडानला सुमारे १,४०० लिटर पेट्रोल लागेल. प्रियससारख्या मोटारीला सुमारे ६१५. म्हणजे जवळजवळ ८०० लिटरांचा फरक. लिटरला १०० रुपये धरले, तर वर्षाला ८०,००० रुपये वाचले. शिवाय एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत मिसळतो. तो भारही वर्षाला अठराशे किलोंनी हलका झाला. परंतु जे कुटुंब वर्षभरात अवघे ३,००० किलोमीटर फिरते, त्याची बचत २०,००० रुपयांच्याच घरात राहील. मोटारींच्या किमतींत चार-पाच लाखांचे अंतर असेल, तर पहिले कुटुंब ते पाच-सहा वर्षांत भरून काढील. दुसऱ्याला वीस वर्षेही पुरणार नाहीत.

दुरुस्तीचा खर्च हे या हिशेबाचे दुसरे पान होय. आलिशान मोटार जुनी झाली म्हणून तिचे सुटे भाग स्वस्त होत नाहीत. एलएस ४०० चा टायमिंग बेल्ट ठरावीक अंतरानंतर बदलावाच लागतो. तिच्या स्टिअरिंगचा पंप गळू लागला की तेल खालच्या अल्टरनेटरवर ठिबकते आणि एका बिघाडाचे दोन होतात. हायब्रिडमध्ये धास्ती असते ती मोठ्या बॅटरीची. दुसऱ्या पिढीतील प्रियसच्या बॅटरीत २८ घटक असतात. त्यांतील एखादा जरी दुबळा झाला, तरी सबंध बॅटरी कुरकुरू लागते. तथापि ही धास्ती वाजवीपेक्षा मोठी करून सांगितली जाते. अमेरिकेतील ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ने २०११ साली दोन लाख मैलांहून अधिक धावलेली एक जुनी प्रियस तपासली, तेव्हा तिचा इंधनाचा खप नव्या गाडीपेक्षा जवळजवळ वेगळा आढळला नाही. मागच्या आसनाजवळ बॅटरीला हवा पुरविणारी जाळी असते. ती पिशव्या-गाठोड्यांनी झाकू नये, एवढी साधी काळजीही पुष्कळ उपयोगी पडते.

हे केवळ परदेशचे पुराण नव्हे. १८८८ साली बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी सायकलींच्या दुकानापासून ज्या उद्योगाला आरंभ केला, त्याच घराण्याच्या भागीदारीत बंगळूरजवळ बिडदी येथे टोयोटाचा कारखाना उभा राहिला. २०२२ साली तेथे ‘हायरायडर’ आणि ‘ग्रँड विटारा’ या हायब्रिड मोटारी तयार होऊ लागल्या. त्यांना लिटरला २७.९७ किलोमीटर मिळतात असे कंपन्यांनी जाहीर केले. हा आकडा चाचणीतला होय. घाटात, वळणावळणाच्या रस्त्यावर आणि माणसांनी भरलेल्या गाडीत तो खाली येणार, हे गृहीत धरूनच हिशेब करावा. जुनी गाडी घेणाऱ्यानेही ध्यानात ठेवावे की, आपल्याकडे खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर तपासणी करवून दर पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते.

तेव्हा वाचकहो, जुनी आलिशान सेडान घेणारा प्रत्येक जण उधळ्या नसतो आणि हायब्रिड घेणारा प्रत्येक जण काटकसरी ठरत नाही. सणासुदीला व लग्नसमारंभालाच बाहेर पडणाऱ्या कुटुंबाने चांगली राखलेली जुनी गाडी जपून वापरली, तर त्यात गैर काही नाही. नवी मोटार कारखान्यातून बाहेर पडण्यापूर्वीच कित्येक टन कार्बन हवेत सोडून चुकलेली असते, हेही विसरू नये. मात्र जुन्या गाडीच्या किमतीबरोबरच दुरुस्तीसाठी रक्कम बाजूला काढून ठेवली पाहिजे. ज्यांना रोज शहरात नोकरीला, दवाखान्यात वा बाजारात जावे लागते, त्यांना हायब्रिडच परवडेल.

शेजाऱ्याच्या दारात काय उभे आहे, यावरून मोटार निवडू नये. आधी एक महिना वहीत रोजचे किलोमीटर लिहून काढावेत. किती शहरातले, किती मोकळ्या रस्त्यावरचे, तेही नोंदवावे. मग घरातील सर्वांनी मिळून बेरीज करावी. विक्रेत्याच्या गोड शब्दांपेक्षा त्या वहीचा सल्ला घराच्या अधिक हिताचा ठरेल.