घाट उतरण्यापूर्वी

गाडी किती वेगाने धावते याचे कौतुक सर्वांनाच असते. ती खात्रीने थांबावी याची आठवण मात्र बहुधा घाट उतरतानाच होते. बेळगावाहून भाजीने भरलेल्या गाड्या चोर्ला घाट उतरून गोव्यात जातात. आमच्या पुतण्याची पिकअप गाडी त्यांपैकीच एक. एके दिवशी तो म्हणाला, "काका, ब्रेक दाबला की पेडल थरथरतं. रविवारी अंगणातच नवे पॅड टाकतो." आम्ही म्हटले, "पॅड टाक, पण आधी डिस्क मोजून पाहू."

डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी बिडाची तबकडी. दोन्ही बाजूंनी पॅड तिला चिमटीत धरतात आणि गाडीच्या गतीची उष्णता होते. इंग्लंडमधील अभियंते फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ मध्येच अशा ब्रेकचे पेटंट घेतले होते. अडीच टनांची गाडी ताशी ६० किलोमीटर वेगावरून थांबवली, तर एक लिटर पाणी उकळेल एवढी उष्णता निर्माण होते. तीच गाडी ५०० मीटर खाली उतरताना सारा भार ब्रेकवर टाकला, तर ती सुमारे ३५ लिटर पाणी उकळण्याइतकी होईल! झिजलेल्या पातळ डिस्कला हा ताप सोसत नाही. ती लवकर तापते, तडकते. आणि ती कोठे जाड, कोठे पातळ झाली, की पेडल थरथरू लागते.

उद्यमबागेतील एका स्नेह्याकडून आम्ही मायक्रोमीटर आणला. किमान जाडीचा आकडा डिस्कवरच कोरलेला असतो. डावी डिस्क त्याच्या खाली गेली होती. उजवी जेमतेम वर होती. "मग एकच बदलू," पुतण्या म्हणाला. आम्ही नकार दिला. एका आसावरील दोन्ही डिस्क आणि पॅड बरोबरच बदलावेत. नाहीतर ब्रेक दाबताच गाडी एका बाजूला ओढू शकते.

गाडी मातीतून काढून सपाट काँक्रीटवर घेतली. मागच्या चाकांना पुढून-मागून दगड लावले. पुढची चाके जमिनीवर असतानाच नट सैल केले, मग जॅक लावला आणि गाडी भक्कम लोखंडी स्टँडवर टेकवली. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालणे म्हणजे जिवाशी खेळ. कॅलिपर सोडवून तारेने टांगला. तो रबरी नळीवर लोंबकळू दिला तर नळीला इजा होते. ब्रेकची धूळ फुंकली नाही, ओल्या फडक्याने टिपली. हबवरचा गंज घासून काढला, कारण त्याचा कणही नवी डिस्क तिरकी बसवतो. नव्या डिस्कवरचे गंजरोधक तेल क्लीनरने पुसले. या गाडीची डिस्क हबवरून सरळ निघणारी होती. जिथे बेअरिंग उघडावे लागते, तिथे मात्र जाणत्या मिस्त्रीलाच बोलवावे.

काम संपले, चाके बसली, नट पान्याने नेमके आवळले. पुतण्या किल्ली फिरवणार, तोच आम्ही म्हटले, "थांब, आधी पेडल दाब." त्याने दाबले आणि त्याचा चेहरा उतरला. पेडल सरळ तळाला गेले होते! नव्या जाड पॅडसाठी कॅलिपरचा पिस्टन आत ढकललेला असतो. तो पॅडला येऊन भिडेपर्यंत ब्रेक लागत नाही. सात-आठ वेळा दाबल्यावर पेडल घट्ट झाले. टाकीतील ब्रेक ऑइलची पातळी पाहिली, गळती नाही ना तेही पाहिले. घराचे फाटक उतारावर आहे आणि उतार थेट रस्त्याला मिळतो. ओसरीत उभ्या असलेल्या वहिनी काही बोलल्या नाहीत. पण त्यांना सर्व समजले होते.

दोन दिवस रिकामी गाडी मोकळ्या रस्त्यावर चालवून, वेग हळूहळू कमी करत नवे पॅड डिस्कला रुळवले. मगच भाजी भरली. निघताना वहिनींनी बजावले, "उतरताना गाडी खालच्या गिअरमध्येच ठेव. सगळा भार ब्रेकवर टाकू नकोस."

घरी काम केल्याने मजुरी वाचते आणि यंत्राची ओळख होते. त्यात कमीपणा नाही. मात्र हे काम नट आवळल्यावर संपत नाही. पायाखालचे पेडल घट्ट लागले, तरच ते संपले असे समजावे.