दिंडोरीत पाहुणा जेवणार कुठे?

राज्याचे द्राक्ष प्रक्रिया धोरण २००१ साली आले आणि दिंडोरी तालुक्यात मांडवांबरोबर वाइनरीही उभ्या राहिल्या. जानेवारी ते मार्च वाइनच्या द्राक्षांची काढणी. तेव्हा मुंबई-पुण्याच्या गाड्या येतात. "भाऊ, इथं चांगलं जेवण कुठं मिळेल?" असं पाहुणा विचारतो अन् आपण त्याला नाशिकचा रस्ता दाखवतो! पैसाही त्याच रस्त्याने जातो.

सकाळची मिसळ उत्तमच, पण ती नाशकातही मिळते. पेठच्या बाजूच्या गावांत चुलीवर नागलीची भाकरी थापतात, सोबत उडदाची आमटी अन् खुरासणीची चटणी. हे शहरात कुठं मिळायचं? बचत गटांनी हीच थाळी द्यावी, दर पाटीवर लिहावा. ठेचा वेगळा वाढावा. (झणझणीत रश्श्यावर रेड वाइन घेतली की तोंड जास्तच भाजतं, शेनिन ब्लांची किंचित गोड वाइन बरी, असं जाणकार सांगतात.) मात्र परवाना नसताना वाइन वाढण्याच्या भानगडीत पडू नका.

अडचण एकच, पण मोठी आहे. काढणीत घरच्या बाया पहाटेच मळ्यात जातात. मग चूल कोण पेटवणार? म्हणून रोजचा पसारा नको. फक्त शनिवार-रविवार, तेही आदल्या दिवशी फोन आला तरच. अन्न सुरक्षा नोंदणी आधी करावी. प्यायचं पाणी तपासून घ्यावं. शौचालय स्वच्छ हवं. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी त्याची पाहणी काढणीपूर्वीच, डिसेंबरात उरकावी.