उसाच्या फडावर जाणारं धान्य: डबे, टिपाडं आणि काही गैरसमज

गाळप हंगाम जवळ आला की केज तालुक्यातल्या वाड्या-वस्त्यांवर बांधाबांध सुरू होते. दसरा-दिवाळीच्या सुमाराला बीड जिल्ह्यातून लाखो माणसं ऊसतोडीला निघतात. कुणी सांगली-कोल्हापूरला, कुणी सातारा-सोलापूरला, कुणी थेट कर्नाटकात बेळगाव-बागलकोटकडे. परत यायला मार्च-एप्रिल उजाडतो. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बिऱ्हाड चढतं, त्यात ज्वारी-बाजरीची पोती, डाळीचे डबे, तिखटाच्या बरण्या, तेलाचा कॅन आणि पाण्याचं निळं टिपाड असतं. पुढचे पाच-सहा महिने हेच त्या घराचं कोठार. ते कोपीत, म्हणजे फडाजवळच्या तात्पुरत्या झोपडीत राहतं, जमिनीवर बसतं, दवात भिजतं आणि उंदरांच्या शेजारी असतं.

लांबच्या प्रवासात अन्न कशात न्यायचं, हा प्रश्न जगात इतरांनाही पडतो. कॅनडात नद्या-तळ्यांतून लहान होड्यांनी दिवसेंदिवस भटकणारे लोक 30 किंवा 60 लिटरची निळी प्लास्टिकची पिंपं नेतात, रबरी कडं आणि पत्र्याची पकड असलेल्या झाकणाची. त्यांची होडी उलटली तरी शिधा कोरडा राहावा म्हणून ते ही काळजी घेतात. पण त्यांचा शिधा भिजला तर सहल बिघडते. आपल्याकडे पोतं बुरसलं तर दूरच्या गावातल्या दुकानात उधारी होते आणि ती उचलीत, म्हणजे मुकादमाकडून घेतलेल्या आगाऊ रकमेत जमा होते. म्हणून डब्याची निवड आपल्यासाठी जास्त गंभीर आहे. त्याबद्दलचे काही पक्के गैरसमज इथे एकेक करून पाहू.

गैरसमज 1: टिपाड चांगलं घासून धुतलं की त्यात काहीही भरता येतं.

वस्तुस्थिती: सगळ्यात मोठा धोका इथेच आहे. बाजारात मिळणारी जुनी निळी टिपाडं आधी कशासाठी वापरली होती, हे विकणाऱ्यालाही बऱ्याचदा माहीत नसतं. प्लास्टिक वरून गुळगुळीत दिसलं तरी काही रसायनं त्याच्या अंगात मुरतात. साबण, राख, उकळतं पाणी यांनी वरचा थर निघतो, मुरलेलं निघत नाही. वास गेला म्हणजे विष गेलं असंही नाही, कारण कितीतरी विषारी द्रव्यांना नाकाला कळेल असा वासच नसतो.

औषधाच्या कॅनचं तर बोलायलाच नको. फडाच्या कडेला तणनाशकाचे रिकामे कॅन पडलेले असतात. पाच लिटरचा, मुठीचा, घट्ट बुचाचा कॅन पाणी न्यायला सोयीचा वाटतो. 1971 च्या कीटकनाशक नियमांनुसार असे रिकामे डबे कुणी पुन्हा वापरू नयेत म्हणून फोडून, वस्तीपासून दूर पुरायचे असतात. कॅन तीनदा विसळायला सांगतात, ते विल्हेवाट लावण्याआधीची खबरदारी म्हणून. त्याने कॅन पिण्याच्या पाण्याजोगा होत नाही.

याला जोडूनच आणखी एक समजूत आहे, की लेबलवरचा हिरवा त्रिकोण म्हणजे औषध निर्धोक. लेबलवरच्या त्या त्रिकोणातले लाल, पिवळा, निळा आणि हिरवा हे रंग विषाची तीव्रता सांगतात. लाल सगळ्यात जहाल, हिरवा सगळ्यात कमी. पण हिरव्यातही विषच असतं.

गैरसमज 2: तळाशी त्रिकोणात आकडा आहे, म्हणजे प्लास्टिक खाण्याजोगं.

वस्तुस्थिती: तो आकडा फक्त प्लास्टिकची जात सांगतो. 1 म्हणजे पाण्याच्या बाटलीचं, 2 म्हणजे टिपाडाचं जाड, 5 म्हणजे डबे-बरण्यांचं. 2 आकड्याचं टिपाड लोणच्याच्या कारखान्यातलं असू शकतं आणि रंगाच्या कारखान्यातलंही. अन्नासाठी केलेल्या भांड्यावर बहुधा पेला आणि काट्याचा चमचा शेजारी-शेजारी असं चिन्ह असतं, किंवा ‘फूड ग्रेड’ असं लिहिलेलं असतं. घेताना ते शोधा. आठवडी बाजारात ढिगाने मिळणारी काळपट, वासाची प्लास्टिकची भांडी बऱ्याचदा भंगार वितळवून केलेली असतात. त्यांत सरपण भरा, कपडे भरा, पीठ-मीठ भरू नका.

गैरसमज 3: झाकण बसलं की डबा हवाबंद झाला.

वस्तुस्थिती: तेलाच्या पंधरा किलोच्या डब्याला वरून कापून पत्र्याचं झाकण बसवतात, तो हवाबंद नसतो. घरातली पत्र्याची कोठीही नसते. उंदराला या दोन्ही अडवतात, ही त्यांची मोठी जमेची बाजू आहे, पण किड्याला झाकणाच्या कडेची फट पुरते. टिपाडाचंही तसंच आहे. ज्याला वर फक्त दोन बारीक बुचं असतात ते टिपाड करवतीने कापून वरून ताट ठेवलं, तर ते नुसतं उघडं पिंप झालं. धान्यासाठी पूर्ण तोंडाचं, रबरी कडं आणि पकड असलेलं टिपाड हवं.

तपासायची रीत सोपी आहे. रबरी कडं बोटाने सगळीकडून चाचपा. कुठे चीर, वाळलेला कडक तुकडा किंवा दबलेली जागा आहे का बघा. मग टिपाडात दोन तांबे पाणी घाला, झाकण आवळा आणि टिपाड आडवं करून कोरड्या फरशीवर गडगडवा. फरशीवर थेंब दिसला तर हवाही आत जाणार. पाणी ओतून टिपाड पूर्ण वाळवल्याशिवाय धान्य भरू नका.

गैरसमज 4: किडे डब्यात आपोआप होतात.

वस्तुस्थिती: ते धान्याबरोबरच आत जातात. सोंडकिड्याची मादी ज्वारी-गव्हाच्या दाण्याला भोक पाडते, आत अंडं घालते आणि वरून भोक बुजवते. बाहेरून दाणा धडधाकट दिसतो. साधारण महिन्याभराने आतून किडा बाहेर पडतो, तेव्हा आपण डब्याला दोष देतो.

खऱ्या अर्थाने हवाबंद आणि काठोकाठ भरलेल्या डब्यात मात्र वेगळं घडतं. आतले किडे श्वास घेऊन प्राणवायू संपवतात, आणि तो पुरेसा घटला की त्यांचं खाणं-वाढणं थांबतं, पुढे ते मरतात. याच तत्त्वावर अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या लॅरी मरडॉक यांनी 1980 च्या दशकाच्या अखेरीस आफ्रिकेतल्या कॅमेरूनमध्ये चवळी साठवण्यासाठी तीन पदरी पोतं तयार केलं. आत जाड प्लास्टिकच्या दोन पिशव्या आणि बाहेर विणलेलं पोतं, औषधाचा कणही नाही. आपल्या भागातली तोंड लिंपून बंद केलेली पेवंही याच जोरावर ज्वारी राखत होती.

यातून कामाची गोष्ट अशी, की एकाच मोठ्या टिपाडातून रोज धान्य काढू नका. झाकण उघडलं की ताजी हवा आत जाते. दोन-तीन मध्यम टिपाडं भरून बंद ठेवा आणि आठवड्याच्या दळणापुरतं वेगळ्या डब्यात काढा. एखाद्याला कीड लागली तरी बाकीची वाचतात.

गैरसमज 5: कडक ऊन दाखवलं, लगेच भरलं, की काळजी मिटली.

वस्तुस्थिती: ऊन हवंच, पण घाई नको. गरम धान्य बंद केलं की रात्रीच्या गारठ्यात झाकणाच्या आतल्या बाजूला पाणी साचतं आणि वरचा थर बुरसतो. पातळ थरात वाळवा, सावलीत पूर्ण निवू द्या, मग भरा. साठवणीच्या धान्यात ओल साधारण 12 टक्क्यांच्या आत असावी. यंत्र नसलं तर मिठाची परीक्षा करा. काचेच्या कोरड्या बाटलीत मूठभर धान्य आणि चमचाभर कोरडं मीठ घाला, मिनिटभर हलवा, थोडा वेळ ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर धान्य ओलं आहे. हवाबंद डब्यात ओलं धान्य भरणं उघड्या पोत्यात ठेवण्यापेक्षा वाईट, कारण ओल बाहेर पडायला वाटच उरत नाही.

कोपीत टिपाड थेट मातीवर ठेवू नका. उसाच्या पट्ट्यात जमीन ओलिताखालची असते, गारठा खालून चढतो. चार विटा आणि एक फळी पुरते. कुडापासून वीतभर अंतर ठेवा. उंदीर प्लास्टिकही कुरतडतो, त्यामुळे टिपाडाच्या सगळ्या बाजू नजरेत राहिलेल्या बऱ्या.

गैरसमज 6: बुरशी झटकली, भाजून घेतलं, की धान्य खायला चालतं.

वस्तुस्थिती: बुरशीचं विष भाजण्याने पूर्ण जात नाही, धुण्यानेही नाही. 1974 मध्ये राजस्थान-गुजरातच्या आदिवासी भागात बुरसलेला मका खाऊन यकृताचा आजार पसरला आणि शंभराहून अधिक माणसं दगावली. 1995 मध्ये दख्खनच्या पठारावरच्या काही गावांत पावसात भिजलेली ज्वारी आणि मका खाल्ल्याने लोकांना पोटदुखी आणि जुलाब झाले. शेंगदाण्यावर हिरवट बुरशी दिसली, दाणा कडू लागला, तर तो टाकूनच द्या. कोंबड्यांनाही घालू नका. गरिबाघरी धान्य टाकताना जिवावर येतं, हे खरं आहे. म्हणून तर ते बुरसूच नये यासाठी डब्यावर आधी खर्च करायचा.

गैरसमज 7: धान्यात एखादी गोळी टाकली की सहा महिने निर्धास्त.

वस्तुस्थिती: धान्यात टाकायच्या ‘गोळ्या’ म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाइड. हवेतल्या ओलीने त्या गोळीतून फॉस्फिन हा विषारी वायू सुटतो. किड्याला मारतो तसाच तो माणसालाही मारतो, आणि लहान मुलांना आधी. ही गोळी बंद गोदामात प्रशिक्षित माणसाने वापरायची आहे. दहा आणि वीस गोळ्यांच्या छोट्या नळ्यांवर सरकारने 2001 मध्येच बंदी घातली. ज्या कोपीत आई-बाप आणि लेकरं त्याच टिपाडाला डोकं लावून झोपतात, तिथे ही गोळी कोणत्याही परिस्थितीत नको. पुरचुंडीत बांधूनही नको, अर्धी करूनही नको.

मग काय करायचं? जुनी रीत बरीच कामाची आहे. डाळीला एरंडेलाचा हात लावला की किड्याची अंडी तगत नाहीत. अख्ख्या मूग-मटकीत भुंगा होतो, डाळीत तो फारसा वाढत नाही, म्हणून सोबत डाळ जास्त आणि अख्खं कडधान्य कमी न्यावं. चाळलेली कोरडी राख किड्याच्या अंगावरचं आवरण खरवडते आणि तो सुकून मरतो. कडुलिंबाचा पाला किड्याला लांब ठेवतो, पण मारत नाही. आणि तो पूर्ण वाळलेलाच हवा. ओला पाला धान्यात ओल घालतो.

गैरसमज 8: महिन्याचं दळण एकदमच करून न्यावं.

वस्तुस्थिती: बाजरीच्या दाण्यात तेलाचं प्रमाण जास्त. दळलं की ते तेल हवेला आणि दाण्यातल्या पाचक द्रव्यांना उघडं पडतं, आणि पीठ काही दिवसांतच कडवट होतं. कितीही चांगला डबा हे थांबवू शकत नाही. धान्य न्या, आठवड्याचंच दळा. जुन्या पिठावर नवं ओतू नका. आधी डबा रिकामा करा, पुसा, वाळवा. तेलाच्या कॅनलाही हाच नियम, तळाचं खवट तेल वरचं चांगलं तेल नासवतं.

लोणचं, चिंच, मीठ ॲल्युमिनियमच्या किंवा जस्ताच्या भांड्यात ठेवू नका. आंबट-खारट पदार्थ त्या धातूला खातात आणि तो अन्नात उतरतो. प्रवासात चिनी मातीची बरणी फुटते, म्हणून अन्नासाठीचीच फिरकीच्या झाकणाची प्लास्टिक बरणी बरी. काळं तिखट आणि येसूर छोट्या-छोट्या डब्यांत भरा. भाकरी फडावर नेताना वर्तमानपत्रात गुंडाळू नका, शाईत शिसं असू शकतं. धुतलेलं फडकं पुरेसं आहे.

गैरसमज 9: सगळं धान्य गावाहूनच न्यावं लागतं.

वस्तुस्थिती: ‘एक देश, एक रेशन कार्ड’ योजनेत शिधापत्रिकेवरचं धान्य दुसऱ्या जिल्ह्यात किंवा दुसऱ्या राज्यातही अंगठा लावून उचलता येतं. घरातल्या म्हाताऱ्यांनी त्यांचा वाटा केजला घ्यायचा आणि फडावर असलेल्यांनी आपला तिकडे, असंही करता येतं. त्यासाठी आधार जोडणी निघण्याआधीच तपासून घ्या. न्यायचं ओझं जितकं कमी, तितकी चांगली भांडी परवडतात.

पैसे थोडे असतील तर क्रम असा ठेवा. आधी पिण्याच्या पाण्यासाठी नवं, अन्नासाठीचंच भांडं. त्यात सूट नाही. मग धान्यासाठी पकडीच्या झाकणाचं, आधी खाद्यपदार्थच ठेवलेलं टिपाड. तेही जमलं नाही तर पत्र्याचा स्वच्छ, न गंजलेला डबा, आत जाड कोरी पिशवी घालून आणि तिचं तोंड पीळ देऊन बांधून. टोळी नेणाऱ्या मुकादमांनी आणि कारखान्यांनी कोयत्यामागे, म्हणजे तोडणीच्या प्रत्येक जोडीमागे, एक चांगलं टिपाड दिलं, तर तो खर्च फार नाही. ज्यांच्या हातांनी हंगाम चालतो, त्यांच्या भाकरीचं धान्य निर्मळ राहावं ही मुकादम-कारखान्यांचीही जबाबदारी आहे. तोवर टिपाड घेताना किमतीच्याही आधी एकच प्रश्न विचारा: यात आधी काय होतं? खात्रीचं उत्तर मिळालं नाही, तर ते टिपाड स्वस्त असलं तरी घेऊ नका.