उमेदवारीची वही

मराठीच्या प्राध्यापकाला मोकळा वेळ फार असतो, असा महाविद्यालयांत एक सार्वत्रिक समज आहे. वार्षिकाचे संपादन, पाहुण्यांचे मानपत्र, संमेलनाचा अहवाल ही सारी कामे त्या समजापोटीच आमच्या गळ्यात पडतात. पण 2015 साली जे काम माझ्याकडे आले, ते ऐकून मी स्वतःच हसलो. व्यवसाय शाखेतील बारावीची बारा मुले चार आठवडे प्रत्यक्ष कामावर जायची होती, आणि त्यांच्यावर देखरेख ठेवणारे शिक्षक नोकरी सोडून गेले होते.

"काम तुमच्याच विषयाचे आहे," प्राचार्य म्हणाले. "मुलांनी रोज वही लिहायची, तुम्ही ती तपासायची. झाले!"

वही तपासणे म्हणजे माझ्या हातचा मळ. कोणी मोटरसायकलच्या गॅरेजात गेला, कोणी मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात. दर शनिवारी बारा वह्या माझ्या टेबलावर येत आणि मी लाल शाईचे पेन सरसावून बसे.

त्यांतील एक वही गॅरेजात गेलेल्या मुलाची होती. त्याचे नाव सांगत नाही; न जाणो, हा अंक त्याच्या हाती पडायचा! पहिल्या आठवड्यात त्याने लिहिले होते, "आज चहा आनला. गाडया धूतल्या. फरशी पूसली." मी 'आनला'चे 'आणला' केले, 'धूतल्या' आणि 'पूसली' यांचे उकार ऱ्हस्व केले आणि खाली सही ठोकली. दुसऱ्या आठवड्यात चुका निम्म्यावर आल्या. तिसऱ्या आठवड्यात सगळी पाने स्वच्छ होती, "आज चहा आणला. गाड्या धुतल्या. फरशी पुसली." मी समाधानाने शेरा मारला, 'शुद्धलेखनात चांगली प्रगती.'

त्या रात्री जेवणाचे पान मांडायला टेबल मोकळे करताना आमच्या सौभाग्यवतींनी ती वही सहज चाळली आणि विचारले, "अहो, हा मुलगा हॉटेलात कामाला आहे वाटतं?"

"गॅरेजात," मी म्हणालो. आणि मग माझ्या घशाखाली घास उतरेना. तीन आठवडे मी प्रत्येक शब्द तपासला होता, पण वाक्य एकही वाचले नव्हते.

सोमवारी सकाळी प्रथमच त्या गॅरेजात गेलो. मुलगा बादली घेऊन गाडी धूत होता. मला पाहून तो ओशाळला. खरे म्हणजे ओशाळायला मी हवा होतो. मी मिस्त्रींना जरा चढ्या आवाजातच जाब विचारला. त्यांनी हातातला पाना खाली ठेवला, फडक्याला हात पुसले आणि शांतपणे म्हणाले,

"सर, कॉलेजचं पत्र आलं. त्यावर शिक्का होता. पोराला शिकवायचं काय, ते नव्हतं. तुम्ही आज येताय. मला वाटलं, हजेरी भरायला पाठवलाय. त्याच्या हातात पाना द्यायचा, तर माझा अर्धा तास मोडतो. आणि गिऱ्हाइकाच्या गाडीचे आटे गेले, तर भरून कोण देणार?"

या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. वाचकहो, साऱ्या योजनेची ग्यानबाची मेख इथेच आहे. शिकवायला कारागिराचा वेळ खर्च होतो, नासधूस होते. चहा आणवायला काहीच लागत नाही. मधे कोणी उभे नसेल, तर पोराच्या वाट्याला किटलीच येणार.

हे शहाणपण काही नवे नाही. अमेरिकेत सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर यांनी 1906 साली 27 विद्यार्थ्यांना घेऊन एक प्रयोग सुरू केला. मुलांनी आळीपाळीने वर्गात शिकायचे आणि कारखान्यात राबायचे. 1908 साली मॅसॅच्युसेट्समधील फिचबर्ग गावाने तोच प्रकार हायस्कुलात आणला. तिथे मुलांच्या जोड्या असत. एक आठवडा एकजण शाळेत आणि दुसरा यंत्रावर. पुढच्या आठवड्यात अदलाबदल. शनिवारी शाळेतला मुलगा कारखान्यात जाऊन जोडीदाराचे काम कुठवर आले आहे ते समजून घेई, म्हणजे सोमवारी खोळंबा होत नसे. हातात खरे काम दिलेले होते, म्हणूनच समजून घेण्यासारखे काही होते!

आपल्याकडेही 1937 साली वर्ध्याला गांधीजींनी हस्तव्यवसायातून शिक्षणाचा विचार मांडला. रयत शिक्षण संस्थेच्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी 'कमवा व शिका' हे प्रत्यक्ष करून दाखवले. कोठारी आयोगाने 1966 साली 'कार्यानुभवा'ची शिफारस केली. आमच्या शाळेत त्या तासाला आम्ही कागदाची फुले केली! 1988 साली केंद्राने बारावीच्या पातळीवर व्यवसाय शिक्षणाची योजना आणली. कागदावर आपण कधीच कमी पडलो नाही.

मिस्त्रींना मी तिथेच बाकावर बसवून घेतले आणि एका आठवड्यात शिकण्याजोग्या पाच कामांची यादी केली. ती त्यांनी सांगितली, मी लिहिली. गॅरेजच्या मागे भंगारात एक जुनी मोटरसायकल पडली होती. तिच्यावर हात चालवला तर कोणाचेच नुकसान नव्हते. दुपारी गिऱ्हाईक कमी असते, तेव्हा एक तास शिकवायचा, असे ठरले.

"चहा मात्र तोच आणील हं, सर," मिस्त्री हसत म्हणाले. "आमच्यात नव्यानंच आणायचा असतो. पण आणल्यावर पाना देईन हातात."

त्या आठवड्यात मी चार वेळा गेलो. शनिवारी वही आली. "आज चहा आणला. मग प्लग काढला. काळा होता. मिस्त्री म्हणाले पेट्रोल जास्त जातय. घासून परत बसवला. जोर जास्त लावला की आटे जातात. माझ्याकडून एकदा गेले." 'जातय'वर अनुस्वार नव्हता. मी पेनाला टोपण लावले.

वही परत घेताना मुलाने विचारले, "सर, अजून आठ दिवस मिळतील का?"

मी अर्ज केला. नियमात बसत नाही, असे उत्तर आले. माझ्या सहीने गेलेले तीन आठवडे मला त्याला परत देता आले नाहीत. तो पुढे मोठा कारखानदार झाला, असे लिहिता आले असते तर लेख गोड झाला असता. तो दुसऱ्या गावी गाड्या दुरुस्त करतो, एवढे मला ठाऊक आहे.

आपल्याकडे अशा शिकण्याला 'उमेदवारी' म्हणत. आता उमेदवार म्हटला की निवडणूकच आठवते. पण शब्द आला आहे तो फारसीतल्या 'उमेद'वरून. आशेवर राबणारा तो उमेदवार. त्याच्या आशेचा जामीन कोण? मला वाटते, वहीवर सही करणारा.

2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांनाही दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार अशांकडे पाठवण्याचे सुचवले आहे. विचार उत्तम आहे. दिवस दहाच आहेत, हे मात्र लक्षात ठेवले पाहिजे. मी पहिले वीस दिवस उकार दुरुस्त करण्यात घालवले होते.

आता कोणाही मुलाला कामावर पाठवताना मी पत्रासोबत स्वतः जातो आणि पाच कामांची यादी ठरवून येतो. पहिल्या आठवड्यातच पुन्हा जातो आणि मुलाला एकच विचारतो, "आज हातात काय होतं?" उत्तर 'किटली' असले, तर मी बाकावर बसतो आणि मिस्त्रींशी बोलतो. चहा येतो, तोही घेतो.